काटोलच्या दगडाला एल६ का म्हणतात? दगडी अशनीचा वर्ग कसा ठरतो

प्रश्न थोडक्यात असा: नागपूर जिल्ह्यात काटोलला २२ मे २०१२ ला जे दगड आकाशातून पडले त्यांना सगळीकडे "एल६ कॉन्ड्राइट" लिहिलेलं असतं, तर यातला एल काय, सहा काय, हे हातातल्या भिंगाने कळतं का मशीनच लागते, आणि त्याच भागात शेतात सापडलेला एक काळा जड दगड, ज्याला लोहचुंबक लागतं, तो त्यातलाच असू शकतो का. मी मूळचा खडकवाला, बहुतेक नोकरी बेसाल्टच्या थिन सेक्शन (मायक्रोस्कोपखाली बघायला घासून पातळ केलेल्या चकत्या) बघण्यात गेली, अशनी मधूनमधून हाताखालून गेलेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिले एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होतो. एल६ हे दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं शेजारी शेजारी लिहिलेली आहेत. एल सांगतो की दगड कुठल्या मालातून बनला. सहा सांगतो की बनल्यानंतर, ज्या लघुग्रहाचा तो तुकडा आहे त्याच्या पोटात तो किती भाजला गेला. पहिल्याचं उत्तर खनिजांच्या केमिस्ट्रीत सापडतं, दुसऱ्याचं मुख्यतः पोतात, म्हणजे कण कसे बसलेत, कडा किती स्पष्ट आहेत, काच उरलीय का, यात. लोक हे दोन्ही एकत्र कालवतात आणि मग "एल६ हा एल४ पेक्षा भारी ना?" असे प्रश्न येतात. भारी बिरी काही नाही, जास्त भाजलेला आहे एवढंच, उलट अभ्यास करणाऱ्यांना कमी भाजलेलाच जास्त हवा असतो.

आता दगड हातात आल्यावर आम्ही काय करतो ते क्रमाने सांगतो, कारण क्रमाला महत्त्व आहे. बाहेरचा पातळ काळा थर, वितळून झालेली साल, ती बघून झाली की छोटा कोपरा कापायचा. कापलेल्या पॉलिश केलेल्या तोंडावर करड्या रंगात चांदीसारखे चमकणारे ठिपके दिसले तर ते लोखंड-निकेलचा धातू, आणि जरा पितळी पिवळट दिसतं ते ट्रॉयलाइट, लोह आणि गंधकाचं खनिज. मग भिंगाने गोल गोल दाणे शोधायचे, हे कॉन्ड्रूल, बहुतेक एक मिलिमीटरपेक्षा लहान, अवकाशात वितळलेले थेंब झटकन थिजून झालेले. ते आहेत म्हणून कॉन्ड्राइट. पडताना बघितलेल्या अशनींपैकी शंभरात ८० च्या वर याच साध्या कॉन्ड्राइट घराण्यातले असतात, एच, एल किंवा एलएल, त्यामुळे अंदाज बांधायचाच तर तिथूनच बांधतात.

पण भिंगाची मजल इथपर्यंतच. पुढे थिन सेक्शन लागते, म्हणजे दगडाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती काचेवर चिकटवून, वरून पॉलिश करून, झाकण काच न लावता. झाकण लावायचं नाही कारण तीच चकती नंतर मायक्रोप्रोबमध्ये, म्हणजे एकेका कणाची केमिस्ट्री मोजणाऱ्या मशीनमध्ये, जाणार असते, आणि धातू अपारदर्शक असल्यामुळे तो परावर्तित प्रकाशातच बघावा लागतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदा कॉन्ड्राइटची चकती क्रॉस पोलराइजरखाली (मायक्रोस्कोपला आडव्या-उभ्या लावलेल्या दोन प्रकाशगाळण्यांमधून) बघणारा पोरगा हमखास पाच मिनिटं काही बोलत नाही, ऑलिव्हिनचे निळे-गुलाबी-हिरवे रंग, त्यात पट्ट्यापट्ट्यांचे गोळे, पंख्यासारखे पसरलेले पायरॉक्सिनचे गोळे (ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही दगडातली दोन मुख्य सिलिकेट खनिजं, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनवाली), पृथ्वीवरच्या कुठल्याही खडकात असला प्रकार नाही.

इथे सहाचा आकडा ठरतो. ही पद्धत व्हॅन श्मुस आणि वुड यांनी १९६७ मध्ये मांडली आणि थोड्या डागडुजीने अजून तीच चालते. मूळ पट्टी १ ते ६, पण १ आणि २ हे पाण्याने बदललेल्या कार्बनवाल्या कॉन्ड्राइटसाठी, आपल्याकडे २०१७ मध्ये जयपूरजवळ मुकुंदपुरा पडला तो त्यातला. साध्या कॉन्ड्राइटचा खेळ ३ ते ६ मध्ये असतो. बुंदीचा लाडू आठवा. ३ मध्ये दाणा न् दाणा सुटा दिसतो, मधला भरणा काळपट बारीक, कॉन्ड्रूलच्या आत खरीखुरी काच शिल्लक, क्रॉस पोलराइजरखाली ती पूर्ण अंधारी राहते. ४ मध्ये दाणे अजून नीट दिसतात पण काच धुरकट होऊन तिचे बारीक स्फटिक व्हायला लागलेले. ५ मध्ये दाणे शोधले की सापडतात, काच संपलेली. ६ मध्ये सगळं इतकं एकजीव झालेलं असतं की कॉन्ड्रूलची कड कुठे संपली आणि भरणा कुठे सुरू झाला हे सांगताना दोन तज्ज्ञ भांडतील. लाडू दाबून एकजीव होतो, हा मात्र भाजून झालेला आहे, ६ साठी साधारण ८०० ते ९५० अंश सेल्सियस आणि तेही लाखो वर्षं. उष्णता कुठून आली विचाराल तर मुख्यतः ॲल्युमिनियम-२६, सात लाख वर्षांच्या आसपास अर्धायुष्य असलेला किरणोत्सारी, सूर्यमाला नवी नवी असताना भरपूर होता, आता कधीच संपला.

"दाणे अस्पष्ट दिसतात" एवढ्यावर मात्र आकडा देऊ नका, हे मी सगळ्यांना सांगतो, कारण चकती जाड राहिली किंवा दगड गंजलेला असला तरी दाणे अस्पष्टच दिसतात. दोन गोष्टी जास्त भरवशाच्या आहेत. एक म्हणजे फेल्डस्पार. कॉन्ड्रूलमधली काच तापून तिचं प्लॅजिओक्लेज, म्हणजे फेल्डस्पारचाच एक प्रकार, बनतं आणि जितकं जास्त भाजलं तितके कण मोठे, ४ मध्ये २ मायक्रॉनच्याही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपला न दिसणारे, ५ मध्ये २ ते ५०, आणि ५० च्या वर गेले की ६. दुसरी म्हणजे कमी कॅल्शियमचं पायरॉक्सिन. कमी भाजलेल्या दगडात त्याच्या स्फटिकाची रचना मोनोक्लिनिक, म्हणजे तिरकी, असते, त्यात बारीक जुळ्या पट्ट्या दिसतात आणि स्टेज फिरवल्यावर ते तिरक्या कोनात काळं होतं, भाजत गेलं की त्याचं ऑर्थोपायरॉक्सिन होतं, सरळ काळं होणारं, पट्ट्या गायब. मूळ वर्गवारीत ४ आणि ५ मधली रेषा इथेच आखलीय, पट्टेवालं पायरॉक्सिन २० टक्क्यांच्या वर असेल तर ४, खाली असेल तर ५. काटोलमध्ये कॉन्ड्रूलचे नुसते अवशेष दिसतात, फेल्डस्पार मोठं वाढलेलं, म्हणून ६.

आता एल. हे अक्षर लो आयर्नमधून आलंय, एच म्हणजे हाय, आणि एलएल म्हणजे एकूण लोखंडही कमी आणि धातूरूपातलं लोखंडही कमी. एकूण लोखंड वजनाने एचमध्ये २७ टक्क्यांच्या आसपास, एलमध्ये २२, एलएलमध्ये १९. पण खरी मजा एकूण लोखंडात नाही, ते लोखंड कुठे बसलंय यात आहे. काही धातू म्हणून मोकळं असतं, काही ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिनच्या आत शिरलेलं असतं. ज्या मालाला ऑक्सिजन जास्त मिळाला त्यातलं लोखंड धातू न राहता सिलिकेटमध्ये गेलं, आणि निकेल मात्र मागेच राहिलं, त्यामुळे धातू जितका कमी तितका तो निकेलने श्रीमंत आणि सिलिकेट लोखंडाने श्रीमंत. हे प्रायर नावाच्या ब्रिटिश खनिजतज्ज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं, प्रोबबिब काही नसताना. मग १९५३ मध्ये युरी आणि क्रेग यांनी जुनी रासायनिक विश्लेषणं चाळून एच आणि एल वेगळे काढले, आणि १९६४ मध्ये काइल आणि फ्रेडरिक्सन यांनी मायक्रोप्रोबने एलएल वेगळा असल्याचं दाखवलं.

आज आम्ही करतो ते तेच, फक्त सोपं झालंय. चकतीवर कार्बनचा थर देऊन मायक्रोप्रोबमध्ये घालायची, मायक्रॉनभराचा इलेक्ट्रॉनचा झोत एकेका कणावर टाकायचा, आणि ऑलिव्हिनमध्ये फायालाइट म्हणजे लोहवाला भाग किती मोल टक्के ते काढायचं. एचमध्ये साधारण १६ ते २०, एलमध्ये २२ ते २६, एलएलमध्ये २७ ते ३२. सोबतीला पायरॉक्सिनमधला फेरोसिलाइट म्हणजे त्यातला लोहवाला भाग, तो एचला साधारण १४.५ ते १८, एलला १९ ते २२, एलएलला २२ ते २६. दोन्ही आकडे एकाच गटात पडले पाहिजेत. एक म्हणतोय एल आणि दुसरा म्हणतोय एच, तर आधी स्वतःच्या स्टँडर्डवर आणि कॅलिब्रेशनवर शंका घ्या, दगडावर नंतर. आणि डोळ्याने दिसणारा धातूही जुळला पाहिजे, वजनाने एचमध्ये १५ ते १९ टक्के, एलमध्ये ४ ते १० च्या दरम्यान, एलएलमध्ये ३ च्या आत. प्रोब एच सांगतोय आणि चकतीत धातू शोधून सापडत नाही, असं झालं तर सही करायच्या आधी थांबायचं, बहुतेक वेळा धातू गंजून गेलेला असतो आणि ते तपकिरी डागांवरून लगेच दिसतं.

हद्दीवरचे दगड मात्र छळतात. ऑलिव्हिन २६.५ आला तर एल म्हणायचं का एलएल? तेव्हा कामासाइट नावाच्या धातूतला कोबाल्ट बघतात, एलमध्ये तो १ टक्क्याच्या आत, एलएलमध्ये दीडच्या आसपास सुरू होऊन कुठच्या कुठे जातो. चुंबकीय ससेप्टिबिलिटी, म्हणजे दगड चुंबकाला किती दाद देतो ते, हे अजून एक सोपं साधन, हातात मावणारं मीटर, दगड कापायची पण गरज नाही, आणि एच, एल, एलएल बरेच वेगळे पडतात, अट एवढीच की दगड ताजा हवा. तरीही नाही सुटलं तर ऑक्सिजनचे आयसोटोप. आणि कधीकधी प्रामाणिकपणे एल/एलएल असंच लिहितात, त्यात कमीपणा नाही.

आता क्रमाला महत्त्व का म्हटलं ते सांगतो. समजा कोणी पोत न बघता थेट प्रोबवर गेला आणि दगड टाइप ३ चा निघाला. त्यात प्रत्येक कॉन्ड्रूल स्वतःची केमिस्ट्री घेऊन बसलेलं असतं, एकात ऑलिव्हिन जवळजवळ लोखंडाशिवायचं, शेजारच्यात ३०-४० मोल टक्के, आणि एकाच कणात सुद्धा मध्यापासून कडेपर्यंत बदलत जाणारं. त्यांची सरासरी काढून "२३ आला, म्हणजे एल" म्हणणं शुद्ध बावळटपणा आहे. ४ च्या पुढे भाजल्यामुळे सगळे कण एकमेकांशी जुळून एकाच आकड्यावर आलेले असतात, म्हणून तिथे सरासरीला अर्थ असतो. म्हणून आधी पोत, मग आकडा, आणि सरासरीसोबत विखुरणं किती ते पण लिहायचं, ते ५ टक्क्यांच्या वर असेल तर ३ चा संशय.

३ ची कथा मोठी आहे आणि त्यात आपल्या देशाचं नाव फार वर आहे. ३ चे परत ३.० ते ३.९ असे दहा भाग पडतात, १९८० मध्ये सिअर्स आणि सहकाऱ्यांनी थर्मोल्युमिनेसन्सवरून पाडलेले, म्हणजे दगडाची पूड तापवून तिच्यातून किती उजेड निघतो ते मोजायचं. उजेड देतं ते फेल्डस्पार, आणि ते भाजल्याशिवाय तयार होत नाही, त्यामुळे टाइप ३ च्या आतल्या आत हा उजेड हजार पटीने बदलतो, इतकी नाजूक पट्टी दुसरी नाही. सगळ्यात तळाला, जवळजवळ न भाजलेला, म्हणून जगभर ज्याचं नाव घेतात तो सेमरकोना, १९४० मध्ये मध्य प्रदेशात पडलेला एलएल ३.०. गुजरातचा ढजाला, २८ जानेवारी १९७६ चा, एच ३.८. बाहेरच्या परिषदेत कोणी सेमरकोना म्हणताना अडखळला की मला उगाच बरं वाटतं.

अजून एक अडचण जी पुस्तकात दोन ओळीत उरकतात, ती म्हणजे ब्रेशिया. लघुग्रहावर आदळआपट होऊन वेगवेगळ्या भाजणीचे तुकडे एकत्र सांधले जातात, राजस्थानात २००० मध्ये पडलेला इटावा भोपजी तसा आहे, एल३ ते ५. तुमची चकती दोन सेंटीमीटरची, ती नेमकी टाइप ५ च्या तुकड्यातून कापली गेली तर तुम्ही ५ लिहून मोकळे होणार. याची हद्द म्हणजे २००८ मध्ये सुदानमध्ये पडलेला अल्महाता सित्ता, ज्याच्या एकाच वर्षावात युरेलाइट (कॉन्ड्रूल नसलेली अशनींची वेगळीच जात) पण निघाले आणि कॉन्ड्राइट पण. म्हणून चकती कापायच्या आधी अख्ख्या दगडाचं तोंड निरखायचं, रंगाचे वेगळे पट्टे, कोनदार तुकडे दिसतात का ते. हा वेळ वाचवण्यासारखा नाही.

रिपोर्टमध्ये एल६ नंतर एस आणि डब्ल्यू पण असतात. डब्ल्यू गंजाचा, व्लोट्स्काची १९९३ ची पट्टी, ० म्हणजे धातू ताजा, ४ म्हणजे जवळपास सगळा धातू गंजला, त्यापुढे सिलिकेटही कुजायला लागतात. डोळ्यादेखत पडून लगेच उचललेला असेल तर ० किंवा फार तर १, आपल्याकडे एक पावसाळा बाहेर काढला तरी फरक पडतो. एस मात्र रंजक आहे, तो टकरीचा मार सांगतो, १ ते ६, श्टॉफलर, काइल आणि स्कॉट यांची १९९१ ची पद्धत. स्टेज फिरवताना ऑलिव्हिन एकदम स्वच्छ काळं झालं तर एस१, सावली लहरत गेली तर एस२, सरळ समांतर भेगा दिसल्या तर एस३, कण गोधडीसारखा ठिगळाठिगळाने काळा व्हायला लागला की एस४. एस५ ला प्लॅजिओक्लेज न वितळता आकार टिकवून काचेसारखं होतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. हे पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेल्या दगडात, चेरमाक यांनी १८७२ मध्ये, आणि तो दगड मंगळाचा आहे हे कळायला पुढे शंभरावर वर्षं गेली. मॅस्केलिनाइट बघायला मराठी माणसाला लांब जायची गरज नाही, लोणारच्या मार खाल्लेल्या बेसाल्टमध्ये ते आहे.

एल जातीच्या दगडांना हा मार जरा जास्तच बसलेला असतो, कारण त्यांचा मूळ लघुग्रह ४७ कोटी वर्षांपूर्वी एका मोठ्या टकरीत फुटला, त्याच काळचे एल दगड स्वीडनच्या चुनखडीत जीवाश्मासारखे सापडतात. काटोलमध्ये टकरीने वितळलेल्या बारीक काळ्या शिरा आहेत आणि त्या शिरांमध्ये रिंगवूडाइट वगैरे प्रचंड दाबाची खनिजं आहेत. त्यातलं ब्रिजमनाइट आयआयटी खरगपूरच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं, हे खनिज पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरच्या खाली सगळ्यात जास्त असतं पण तिथून ते वर आणणार कोण, म्हणून ते अशनीतच बघायचं. संत्र्याच्या गावाला पडलेल्या दगडात. एल६ या दोन अक्षरांत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून नुसता वर्ग वाचून "साधा कॉन्ड्राइट आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

आता शेतातला काळा दगड. लोहचुंबक लागतं हा पुरावा आपल्या भागात जवळजवळ फुकट आहे. काटोल, नागपूरचा पश्चिम भाग, सगळा दख्खनचा बेसाल्ट, त्यात टायटॅनोमॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं, चांगलं चुंबक दोऱ्याला टांगलं तर बेसाल्टकडे झुकतंच. वरून नागपूर-भंडाऱ्यात मँगनीजच्या खाणी, ते काळं आणि जड, आणि रस्त्याकडेला भट्टीचा स्लॅग, त्यात तर धातूचे गोळे पण असतात. उलट सगळे अशनी चुंबकाला लागतात असंही नाही. युक्राइट नावाचे दगड, व्हेस्टा या लघुग्रहावरचा लाव्हा, दिसायला थेट बेसाल्ट, कॉन्ड्रूल नाही, धातू जवळपास नाही, राजस्थानात १९९६ मध्ये पिपलिया कलाँला पडला तो यातला. ते ओळखायचे तर साल बघायची, युक्राइटची साल वार्निश लावल्यासारखी चकचकीत असते तर कॉन्ड्राइटची बहुधा मळकट काळी, आणि प्रोबवर त्याचं प्लॅजिओक्लेज कॅल्शियमने भरलेलं, ॲनॉर्थाइटकडे झुकलेलं, तर आपल्या बेसाल्टचं सहसा लॅब्राडोराइट, म्हणजे कॅल्शियम त्यापेक्षा कमी असलेलं.

घरी करण्यासारखं इतकंच. बाथरूमच्या टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर दगड घासा, काळी किंवा लाल रेघ उठली तर मॅग्नेटाइट, हेमटाइट, मँगनीज असलं काहीतरी आहे, ताजा कॉन्ड्राइट रेघ जवळजवळ सोडतच नाही. आत बुडबुड्यांची भोकं असतील तर बेसाल्ट किंवा स्लॅग. पाण्यात तोलून घनता काढा, एल कॉन्ड्राइट ३.४ च्या आसपास, बेसाल्ट ३ च्या आतबाहेर. मग एक कोपरा कानशीने घासून चांदीचे ठिपके दिसतात का बघा. यात पास झाला तर पुढे घासू नका, मोठं चुंबक परत परत लावू नका कारण दगडातली जुनी चुंबकीय नोंद त्याने पुसली जाते, आणि घनतेसाठी एकदा बुडवला तेवढं पुरे, परत पाण्याने धुऊ तर अजिबात नका. कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) नागपूर ऑफिसला फोन करा, सापडल्याची जागा नकाशावर खूण करून ठेवा, कारण नाव गावावरूनच पडतं. अधिकृत नोंदीसाठी २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, जे कमी असेल तेवढं, एखाद्या संस्थेत कायमचं ठेवावं लागतं, त्यामुळे भावाभावांत आधीच फोडून वाटून घेऊ नका.